शेवटचा हात

त्या गॅरेजात चाक बसवण्याचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणजे काम आणि दुसरा भाग म्हणजे सोहळा. काम धाकटी करायची. सोहळा तिचा थोरला भाऊ करायचा, ज्याला अख्खा रस्ता दादा म्हणे, त्याच्यापेक्षा वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा.

काम असं चालायचं. धाकटी चाक उचलून जागेवर चढवायची आणि प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवून बघायची. आटे स्वच्छ असले की नट बोटांनीच आत जातो. अडला तर समजायचं, आत मळ आहे नाहीतर नट वाकडा बसतोय, आणि तिथेच थांबायचं. मग एक वरचा, एक खालचा, पुन्हा एक बाजूचा, असे समोरासमोरचे नट घेत, कागदावर चांदणी काढावी त्या क्रमाने ती साध्या पान्याने ते बेताचे आवळायची. एका बाजूने ओळीने आवळत गेलं की चाक तिरकं बसतं आणि नंतर थरथरतं. मग जॅक उतरवून टायर जमिनीला टेकवायची, आणि त्यानंतर लाल खोक्यातून टॉर्क रेंच काढायची.

हा टॉर्क रेंच म्हणजे हातभर लांबीचा, मुठीजवळ आकडे कोरलेला पाना. गाडीच्या कंपनीने जेवढा जोर सांगितला असेल त्या आकड्यावर मुठीची कडी फिरवून ठेवायची आणि सावकाश, एकसारखं ओढायचं. ठरलेला जोर लागला की पाना हातातल्या हातात बारीकसा झटका देतो आणि कट् म्हणतो. कट् म्हणाला की थांबायचं. ऐकायला बरं वाटतं म्हणून दुसऱ्यांदा कट् करायचं नाही. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे, आणि थांबणं हे त्यांच्या घराण्यात फारसं कुणाला जमलेलं नव्हतं.

मग सोहळा सुरू व्हायचा.

दादा खुर्चीतून उठायचा. तो उठला की खुर्चीलाही हायसं वाटल्याचं ऐकू यायचं. भिंतीवर अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या दिवंगत वडिलांच्या फोटोखाली एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर एक लोखंडी पाइप टांगलेला असे. दादा तो पाइप काढून चाकाच्या पान्याच्या दांड्यावर चढवायचा, म्हणजे दांडा दुप्पट लांब व्हायचा. मग तो एका नटापाशी वाकायचा, गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचा आणि पाइपवर टेकायचा. तोंडाने "हं" म्हणायचा. नट किंचित पुढे सरकायचा.

"सरकला," दादा म्हणायचा.

गिऱ्हाईक सुटकेचा श्वास सोडायचं. मग दुसरा नट, हं, सरकला. चारही चाकं अशी फिरून झाली की दादा पाइप खुंटीला लावून हात पुसायचा आणि गिऱ्हाईक मनोमन त्याला हात जोडायचं. यालाच त्या रस्त्यावर शेवटचा हात म्हणत. दादांचा हात लागला की चाक जन्मात निघत नाही अशी त्याची ख्याती होती. चाक अधूनमधून काढावंही लागतं, पंक्चर नावाची एक गोष्ट जगात असते, हा मुद्दा त्या ख्यातीत कुठे बसत नव्हता.

धाकटीचा संताप त्या "सरकला" या शब्दावर होता. नट सरकणारच. तो कट् म्हणेपर्यंत जेवढा हवा तेवढा आवळला जातो, त्यापुढे ढकलला की आणखी सरकतो, आणखी ढकलला की आणखी सरकतो, आणि शेवटी आतला बोल्ट रबरासारखा ताणला जाऊन तुटतो. पण बघणाऱ्याला काय दिसायचं? की धाकटीने लाल खोक्यातून एवढा नखरेल पाना काढून आवळलेला नट ढिलाच होता, आणि बरं झालं दादा होते म्हणून. दिवसातून प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावर, गिऱ्हाइकाच्या देखत, ती ढिली ठरायची. आणि ठरवणारा माणूस इतक्या मायेने ठरवायचा की भांडायचीही सोय नव्हती.

तिने समजावून पाहिलं नव्हतं असं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिने काही वर्षं फक्त चाकांचं काम केलं होतं. आईचे गुडघे गेले तेव्हा ती घरच्या गॅरेजात परत आली, येताना लाल खोकं घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात तिने दादाला सगळं सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुझं बरोबरच आहे, तू तुझ्या पद्धतीने कस, मी फक्त शेवटचा हात देतो. त्याच्या मते यात दोघांचाही मान राहत होता. टॉर्क रेंचला त्याने 'कटकट' असं नाव ठेवलं आणि ते गॅरेजभर झालं. "धाकटे, तुझी कटकट झाली का? मग मी येतो."

दुसरी भानगड फेरतपासणीची. नवीन बसवलेलं चाक शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट एकदा पुन्हा पडताळून घ्यावेत, म्हणून ती गिऱ्हाइकांना परत बोलवायची. दादाला हा शुद्ध कमीपणा वाटे. आपण कसलेलं आपणच पुन्हा बघायचं, म्हणजे पहिल्यांदा काय झोपेत कसलं होतं? गिऱ्हाइकांनाही ते पटे. शेवटचा हात लागल्यावर परत यायचं म्हणजे दादांवर अविश्वास दाखवायचा. त्यामुळे कुणी परत येत नसे.

मग एका सकाळी नर्सबाई परत आल्या. स्वतःच्या गाडीतून नव्हे. टोचनवाल्याच्या गाडीत पुढे बसून, आणि त्यांची छोटी पांढरी गाडी मागे दोरखंडाला, तोंड वर करून.

नर्सबाई घरोघर जाऊन आजारी माणसांची ड्रेसिंगं करणाऱ्या, इंजेक्शनं देणाऱ्या. गेल्या महिन्यात त्यांच्या गाडीला चारही टायर नवे टाकले होते. त्या उतरल्या तेव्हा दोन्ही तळहात सोललेले होते आणि गुडघ्यावर माती होती. सरळ काउंटरपाशी आल्या, मूठ उघडली आणि काचेवर एक नट ठेवला. नटाच्या आत बोल्टचा तुटका तुकडा तसाच होता, दाढ उपटल्यावर मुळाचा तुकडा यावा तसा.

काउंटरमागे आई बसली होती. गुडघे गेल्यापासून ती तिथेच बसून एका पत्र्याच्या डब्यात टायरच्या हवेच्या तोंडाची टोपणं निवडायची, काळी वेगळी, चंदेरी वेगळी. तिने नटाकडे बघितलं, नर्सबाईंच्या हातांकडे बघितलं, आणि डब्यातलं बोट बाहेर काढलं.

नर्सबाईंनी जे सांगितलं ते एका श्वासात सांगितलं. वस्तीपासून लांबच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, आणि चाक बदलायला त्यांना येत होतं. पाना लावला, नट हलेना. जोर केला, हलेना. पान्यावर उभ्या राहिल्या, हलेना. मग पान्यावर उडी मारली, तेव्हा बोल्ट तुटला आणि त्या खडीवर पडल्या. बाकीच्या नटांना हात लावायची मग छातीच झाली नाही. तिकडे एक आजोबा इंजेक्शनशिवाय खाता येत नाही म्हणून भरलेलं ताट समोर घेऊन बसून राहिले होते. दुसरी नर्स पोचेपर्यंत ते तसेच बसून. आजोबांनी फोनवर काय सांगितलं, इथे मात्र नर्सबाई थांबल्या. "सावकाश या म्हणाले मला. हे नट कुणी कसले होते?"

धाकटी तोंड उघडणार तेवढ्यात दादा खुर्चीतून म्हणाला, "धाकटीने."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. त्याला तसंच वाटत होतं. कसणं हे काम, काम धाकटीचं. त्याचा तो फक्त हात. हात हे काम नव्हे. चाक नीट राहिलं की ते हातामुळे राही, आणि चाकाचं काही वाकडं झालं की ते कसण्यामुळे होई. हा हिशेब इतक्या वर्षांत कुणी उलगडून पाहिला नव्हता, कारण आत्तापर्यंत तुटका बोल्ट घेऊन कुणी थेट काउंटरवर आलं नव्हतं. माणसं रस्त्यातच वैतागून दुसऱ्या कुणाकडून करून घेत आणि नशिबाला बोल लावत.

दादा उठला आणि त्याने अतिशय समजूतदारपणे खुलासा केला. म्हणाला, ती मशिनवर कसते हो. मशिनला काय कळतं? माणसाच्या हाताला अंदाज असतो, मशीन आपलं ओढत सुटतं. मी तिला पहिल्यापासून सांगतोय. मग धाकटीकडे वळून त्याच मायेने म्हणाला, "ते खोकं कपाटात ठेव आता. आजपासून तू काउंटर बघ, आई जरा आराम करेल. चाकं मी बघतो."

एवढंच. पेन इकडचं तिकडे ठेवावं तसं त्याने तिचं काम उचलून ठेवून दिलं.

धाकटीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. काउंटर तिला माहीत होता. काउंटरवर बसलेली बाई तिथून उठत नाही. तिथे बसून ती उरलेला जन्म दादाचं "हं" ऐकणार, "सरकला" ऐकणार, आणि टोपणं निवडणार, काळी वेगळी, चंदेरी वेगळी. आणि चाकं बसवायला येणारा प्रत्येक माणूस आपले ताणलेले बोल्ट घेऊन खुशीत घरी जाणार. तिला एकदम ओरडावंसं वाटलं. पण या घरात ओरडलं की मुद्दा बाजूला राहतो आणि 'धाकटी ओरडली' हाच विषय होतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती काउंटरकडे गेली नाही. लाल खोकं उचलून नर्सबाईंच्या गाडीकडे गेली.

"मी कंपनीच्या आकड्यावर, एकशे दहावर कसले होते," ती गुडघ्यांवर बसत म्हणाली. "बघू आता किती आहेत."

पंक्चर झालेलं चाक तिने सोडून दिलं. पुढच्या चांगल्या चाकाच्या नटाला तिने टॉर्क रेंच लावला, एकशे दहावर, आणि आवळण्याच्या दिशेने ओढला. कट्. नट हलला नाही. तिने कडी फिरवून आकडा वाढवला. कट्. नट तसाच. आणखी वाढवला. कट्. टोचनवाला दोरखंड गुंडाळायचा थांबून बघायला आला. शेवटी आकडे संपले, कडी पुढे फिरेना, दोनशेच्या खुणेवर पाना कट् म्हणाला आणि नट आपल्या जागी एखाद्या खांबासारखा उभा.

तिने सांगितलं की हा नट दोनशेच्या वर कुठेतरी आवळलेला आहे, किती वर ते सांगायला माझ्या पान्यावर आकडे उरले नाहीत. आणि मी कसला तेव्हा तो एकशे दहाला होता. मधल्या काळात याला काय झालं, ते या खोलीत कुणाला माहीत असेल तर त्याने सांगावं.

दादाने विचार केला. नट चालून चालून घट्ट होतात, तो म्हणाला. धाकटीने आठवण करून दिली की चालून चालून ढिले होतात म्हणून शेवटचा हात लागतो, असं तो आजवर सांगत आलाय. दादा म्हणाला, काही घट्ट होतात, काही ढिले होतात, गाडीगाडीवर असतं. मग म्हणाला की कदाचित तुझा पानाच बिघडला असेल, मशिनचा काय भरवसा.

यावर नर्सबाई जराशा खजील होऊन म्हणाल्या की हात तर मीच मागितला होता. धाकटीचं कसून झालं होतं, ती हात पुसत होती, तेव्हा मीच दादांना म्हटलं, दादा, तुमचा हात लागू द्या, मला आडवाटेला जावं लागतं. "तुम्ही म्हणालात, सरकला. मला इतकं बरं वाटलं होतं."

त्यांनी आपल्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं. दादाने अण्णांच्या फोटोकडे पाहिलं. अडचणीत आला की तो तिकडेच बघायचा, आणि अण्णा कधी उलटून बोलत नसत.

दादाने अण्णांची गोष्ट सुरू केली. ती सगळ्यांना पाठ होती. अण्णांच्या उमेदीत एका मालट्रकचं चाक उतारावर सुटलं होतं. नशिबाने कुणी गेलं नाही, पण त्या दिवसापासून अण्णांनी नियम केला, गॅरेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चाकाला शेवटचा हात आपला. हाच पाइप. पाइप बदलला नाही, खुंटी बदलली नाही. जसं अण्णा करायचे तसं मी करतो, दादा म्हणाला, त्यात मी माझ्या पदरचं काहीच घातलेलं नाही. आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला.

आईने डब्याचं झाकण लावलं.

"अण्णा त्या पाइपला लोंबकळायचे," ती म्हणाली, "तेव्हा त्यांच्या चपला जमिनीवरून सुटायच्या."



आई आपल्या नेहमीच्या, भाजी महाग झाली हे सांगावं तशा आवाजात पुढे बोलत राहिली. सगळा माणूस टांगला तरी नट कधी हलायचा, कधी नाही. हलला नाही की ते म्हणायचे, बरोबर आहे, आणि उतरायचे. आणि ते ट्रकचे बोल्ट, मनगटाएवढे. आता या गाडीचे बघ, माझ्या करंगळीएवढे आहेत. तू नुसता टेकतोस तरी पाना कण्हतो, मला इथवर ऐकू येतं. मग तिने दादाकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, जसं आईच पाहू शकते. "मागे कपाटात त्यांचा शर्ट सापडला होता, तू घालून बघायला गेलास. काखेतच अडकला. मी कात्रीने काढला."

टोचनवाल्याला खोकला आला आणि तो खोकायला बाहेर गेला.

"आई, वजनाचा इथे काय संबंध?" दादा म्हणाला.

वजनाचाच संबंध होता. वजन आणि दांड्याची लांबी, यापलीकडे त्या सगळ्या प्रकरणात दुसरं काही नव्हतंच. पाइप तेवढाच राहिला होता आणि त्यावर टेकणारा माणूस दुपटीच्या घरात गेला होता, आणि ज्यावर टेकायचा तो बोल्ट निम्म्याने बारीक झाला होता. इतका इमानेइतबारे पाळलेला वारसा इतक्या काटेकोरपणे चुकत गेल्याचं धाकटीला दुसरं उदाहरण आठवेना. इतके दिवस हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणून ती स्वतःवरही चिडली. पण बोलली नाही. आईने जो खिळा मारला होता त्यावर पुन्हा हातोडा मारायची गरज नव्हती. कट् झालं होतं. थांबायचं.

दादा मात्र थांबला नाही. त्याने पाइप खुंटीवरून काढला. म्हणाला, एवढं काय ते, मी खोलून दाखवतो, नट अगदी अलगद निघेल, आपल्या हाताचं काम आपल्याला माहीत असतं. धाकटी म्हणाली, दादा, राहू दे, त्या नटांना आधी तेल सोडून मुरू देऊ. पण तो वाकून बसलाही होता. त्याने पाना लावला, पाइप चढवला, आणि सोडण्याच्या दिशेने टेकला.

हं.

नट हलला नाही. दादाने बूड सावरलं, श्वास घेतला आणि सगळा भार टाकला. मग एक आवाज आला. कट् नव्हे. खाडकन्, सुकी फांदी मोडावी तसा. पाइप, पाना आणि दादा असे तिघेही एकदम जमिनीवर आले. नट तुटक्या बोल्टासकट गडगडत गेला आणि नर्सबाईंच्या पायाशी थांबला.

नर्सबाईंनी तो उचलला. काउंटरवर पहिल्याच्या शेजारी नेऊन ठेवला. मग वळून, अगदी साध्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "हाही धाकटीनेच कसला होता का?"

दादा जमिनीवर बसूनच राहिला. उठायला हात द्यावा की नाही हे धाकटीला कळेना. हात द्यायचा तर तिच्याने तो उठणार नव्हता, आणि न द्यायचा तर ते लक्षात राहणार होतं. शेवटी तो आपला आपण उठला, मागचा भाग झटकला, पाइपचं टोक निरखून पाहिलं आणि म्हणाला की बोल्टचा माल हल्ली फार खराब येतो. अण्णांच्या वेळचं लोखंड आता राहिलं नाही.

तेवढं बोलून त्याने पाइप खुंटीला लावला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "काउंटरवर आज आईच बसू दे. तिला टोपणांचं माहितीये."

माफी म्हणतात ती हीच, एवढं धाकटीला त्या घरात वाढताना समजलं होतं. याहून स्पष्ट माफी त्या घराण्यात कुणी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. तिला ती पुरेशी वाटली नाही. तरी तिने ती घेतली, कारण दुसरी येणार नव्हती, आणि ती गाडीखाली सरकली.

पंक्चर काढलं, नट तेल मुरवून सोडवले, आणि नर्सबाईंच्या चारही चाकांचे बोल्ट तिने काढून नवे बसवले. जे तुटले नव्हते तेही काढले. एकदा ताणलेला बोल्ट वरून शहाण्यासारखा दिसतो आणि पुढे कधी दगा देतो ते सांगता येत नाही. आटे ब्रशने साफ केले, नट बोटांनी फिरवले, चांदणीच्या क्रमाने आवळले, टायर टेकवले, आणि एकशे दहावर एकेक कट् घेतला. दादा आपल्या खुर्चीत बसून दुसरीकडे बघत होता, पण प्रत्येक कट् बरोबर त्याच्या पायाचा अंगठा हलत होता.

मग तिने एक नवीन गोष्ट केली. खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढलं आणि प्रत्येक नटावर एक बारीक रेघ ओढली, नटावरून खाली चाकाच्या पत्र्यावर उतरणारी. नट जरा जरी कुणी फिरवला, पुढे की मागे, तर रेघ मोडणार. तिने ती रेघ नर्सबाईंना दाखवली, दादाला ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितली, आणि मग गाडीच्या डिकीतला पाना काढून त्यांच्याच हातात दिला. म्हणाली, एक नट सोडून बघा. नर्सबाईंनी फडकं गुंडाळलेल्या हातांनी पाना लावला आणि दाबला. नट सुटला. उडी मारावी लागली नाही, उभंही राहावं लागलं नाही. त्या काही क्षण तशाच वाकून बसल्या. त्यांना रडू येतंय की राग येतोय हे त्यांनाही ठरवता येत नसावं.

धाकटीने तो नट पुन्हा कसला, नवी रेघ ओढली आणि शंभर किलोमीटरनंतर यायला सांगितलं. येते, नर्सबाई म्हणाल्या, आणि जाताना दादाला काही न बोलता गेल्या, जे त्या रस्त्यावर आजवर घडलं नव्हतं.

दुपारी ड्रायव्हिंग स्कूलवाले काका आले. त्यांच्या गाडीचं एक चाक रोज कुठल्या ना कुठल्या फुटपाथवर चढे, त्यामुळे ते गॅरेजचे कायमचे. धाकटीने त्यांचं चाक बदललं, कट् घेतले, रेघा ओढल्या. काकांचं लक्ष रेघांकडे नव्हतं. ते खुर्चीकडे बघून वाट पाहत होते.

"दादा," ते म्हणाले, "हात?"

आईचं बोट डब्यात थांबलं. दादाने खुंटीकडे पाहिलं, मग चाकावरच्या पांढऱ्या रेघांकडे, मग आपल्या पोटाकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की धाकटीला क्षणभर त्याची दया येऊ पाहत होती. इतक्या वर्षांचा मान होता तो. काढून घ्यायला एक रेघ पुरली होती.

"दिला मघाशीच," दादा म्हणाला.

काकांनी चाकाला बुटाने हलकेच टोकरून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "तरीच. चाक बघताक्षणी कळतं, दादांचा हात लागलाय."

धाकटीच्या मनात आलेली दया आल्या पावली परत गेली. चाकं तिची राहिली होती. पाइप खुंटीला होता आणि तिथेच राहणार होता. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि तरी तिने चढवलेल्या, तिने कसलेल्या, तिने रेघ ओढलेल्या चाकावर, तिच्या समोर, ज्या हाताने यावेळी काहीही केलं नव्हतं त्या हाताचं नाव लागलं होतं. तिने आईकडे पाहिलं. आईने एक चंदेरी टोपण उचलून उजेडात धरलं, जणू त्याच्याइतकं महत्त्वाचं जगात काही नाही.

धाकटीने दात आवळले आणि टॉर्क रेंचची कडी फिरवून तळाच्या आकड्यावर आणली. काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवावी लागते, ताणलेली राहिली तर पाना खोटं बोलायला लागतो. ते झाल्यावर ती काकांना म्हणाली की शंभर किलोमीटर झाले की परत या, नट तपासायचेत.

काकांना नवल वाटलं. त्यांनी तिच्याकडे नाही, दादाकडे बघून विचारलं की तुमचा हात लागल्यावर परत कशाला यायचं?

दादा खुर्चीत जरा पुढे सरकला. अण्णांच्या फोटोकडे त्याने बघितलं नाही.

"या म्हणजे या," तो गंभीरपणे म्हणाला. "आपल्याकडे तशीच पद्धत आहे. मी स्वतः बघेन."

धाकटीने लाल खोक्याचं झाकण इतक्या जोरात आपटलं की आईच्या डब्यातली काळी आणि चंदेरी टोपणं पुन्हा एकत्र झाली.